अकराने भाग जातो का?

आमच्या घरात एक संगणक आहे. या वाक्यातले ‘आहे’ मी जरा भीतभीतच लिहीत आहे. कारण यंदाच्या श्रावणात चार दिवस असे गेले की, तो घरात असूनही नव्हता. टेबल जागेवर होते, टेबलावर यंत्र होते, यंत्रावर आमच्या सौ.ने विणलेले झाकणही होते. पण आतला प्राण कुठे निघून गेला होता, कोण जाणे! आणि तो प्राण घालवण्याचे पाप एका बोटाने मी केले होते.

संगणकाचे आणि माझे वैर तसे जुने. मी अडतीस वर्षे बँकेत कारकुनी केली. नोकरीला लागलो तेव्हा खातेवह्या कापडी बांधणीच्या असत आणि एकेक वही उचलताना कमरेतून कळ येई. पुढे ऐंशीच्या सुमारास संगणक येणार, संगणक येणार, अशी हूल उठली. तो आला की चार कारकुनांचा घास काढून घेणार, असे आम्हांला सांगण्यात आले आणि आम्ही ते मनापासून मानले. फोर्टातल्या रस्त्यांवरून हातात फलक घेऊन मी ज्याच्या नावाने घसा फोडला, ते यंत्र मी तोपर्यंत डोळ्यांनी पाहिलेदेखील नव्हते. १९८३ साली बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला, पुढल्या वर्षी रंगराजन समितीचा अहवाल आला आणि यथावकाश आमच्या शाखेतही ती पेटी येऊन बसली. घास कुणाचा गेला नाही; पण कमरेची कळ मात्र गेली. तेव्हापासून मी तिच्याविरुद्ध बोलणे सोडले. प्रेम मात्र कधी जडले नाही.

चार वर्षांपूर्वी दिवाळीत चिरंजीव जर्मनीहून आले, तेव्हा त्यांनी हा संगणक घेऊन दिला. दिला तो माझ्या नावाने. पण खरा वापर सुरू केला तो हिने. मी त्यावर वीजबिल भरतो आणि वर्षातून एकदा पेन्शनसाठी हयातीचा दाखला देतो. ही मात्र त्यावर एक मोठे काम करीत बसली होती, आणि ते काम काय होते हे सांगितल्याशिवाय माझ्या पापाचे माप तुम्हांला कळायचे नाही.

माझ्या सासूबाई पुण्याच्या. लग्न होऊन नारायण पेठेत आल्या आणि तिथेच राहिल्या. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या मागोमाग खडकवासल्याचेही गेले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. माणसे वाचली. घराचा तळमजला मात्र गेला. त्यात एक शिसवी पेटी होती. पेटीत त्यांच्या आईची सगळी पत्रे, लग्नातले चार फोटो आणि वडिलांनी मोडीत लिहिलेली वंशावळ. पूर ओसरल्यावर पेटी सापडली, पण तिच्यात चिखलाच्या लगद्याशिवाय काही उरले नव्हते. सासूबाई पुढे नेहमी म्हणायच्या, “कागद गेले, पण मला पाठ आहेत.” आणि खरोखरच त्यांना पाठ होते! कोणत्या पत्रात काय लिहिले होते, कुणाच्या मुंजीला कोण आले नव्हते आणि का आले नव्हते, वंशावळीतला कोणता फाटा बडोद्याला गेला, सगळे.

नव्वदीला पोचल्यावर त्यांचे हे पाठांतर कुठेतरी उतरवून ठेवावे, असे हिच्या मनात आले. दोन हिवाळे त्या आमच्याकडे डोंबिवलीला राहिल्या. दुपारचा चहा झाला की ही आपला मोबाईल त्यांच्यापुढे ठेवी आणि ध्वनिमुद्रण सुरू करी. अशी सत्तावीस ध्वनिमुद्रणे झाली. फोन जुना झाला, तेव्हा ती सगळी तिने संगणकात उतरवली आणि फोन दुकानदाराला बदलीत देऊन टाकला. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. तेव्हापासून ही रोज तासभर कानाला ती यंत्रे लावून बसे आणि ऐकलेले टंकलिखित करी. वर्षश्राद्धाला भावंडे जमतील, तेव्हा प्रत्येकाच्या हातात एक छोटी पुस्तिका द्यायची, असा बेत होता.

वर्षश्राद्धाला सोळा दिवस उरले होते. त्या रात्री ती झोपायला गेल्यावर मी वीजबिल भरले आणि उठणार, तोच पडद्याच्या कोपऱ्यात एक पाटी आली. आपल्या यंत्रासाठी नवे अपडेट तयार आहे. आत्ता करायचे की नंतर?

हे अपडेट प्रकरण ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या सोसायटीतल्या कुणीही फ्लॅटचा ताबा घेतल्यानंतर बिल्डरचे तोंड पुन्हा पाहिलेले नाही. संगणकाच्या आतली प्रणाली बांधणारा बिल्डर मात्र ताबा दिल्यावरही दर महिन्याला येतो. इथली खिडकी नीट लागत नव्हती, तिथल्या भिंतीत भोक राहिले होते, असे म्हणत रात्रीतून डागडुजी करून जातो आणि पैसे मागत नाही. असा बिल्डर मिळाल्यावर कोण नाही म्हणेल? शिवाय बँकेतली सवय: आजचे काम उद्यावर टाकायचे नाही. मी ‘आत्ता’ वर बोट ठेवले. “यंत्र बंद करू नये,” अशी सूचना आली. मी ती पाळली आणि झोपलो.

सकाळी सहाला दूध घेऊन आलो आणि सहज पाहिले, तर पडद्यावर कंपनीचे चिन्ह आणि त्याखाली ठिपक्यांचे एक चक्र फिरते आहे. थोड्या वेळाने सगळे काळे झाले. मग पुन्हा चिन्ह, पुन्हा चक्र, पुन्हा काळोख. चहा झाला, पेपर झाला, अंघोळ झाली. यंत्राच्या प्रदक्षिणा काही संपेनात.

मी प्रथम काय केले असेन? खोटे बोललो. ही नेहमीप्रमाणे अकरा वाजता पदर खोचून टेबलाशी आली, तेव्हा म्हणालो, “आज नको बसूस. इंटरनेट गेलंय.”

“मला इंटरनेट कुठं लागतं? आईचा आवाज यंत्रातच तर आहे,” ती म्हणाली.

“त्याचाच परिणाम होतो कधी कधी यंत्रावर,” मी म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिले, मग शेजारच्या खोलीत त्याच इंटरनेटवर चाललेल्या टीव्हीच्या आवाजाकडे कान दिला आणि काही न बोलता स्वयंपाकघरात निघून गेली. बेचाळीस वर्षांच्या संसारात माझे एकही खोटे तिच्यापुढे अर्ध्या दिवसापेक्षा जास्त टिकलेले नाही. हेही टिकले नाही. दुपारी जेवताना मी ताटाकडे पाहत सगळे सांगून टाकले. ती रागावली असती तर बरे झाले असते. तिने फक्त विचारले, “दुसरी प्रत आहे का हो कुठं?”

वाचकहो, या प्रश्नाने मला जेवढी लाज वाटली, तेवढी आयुष्यात क्वचितच वाटली असेल. अडतीस वर्षे मी दुसऱ्यांच्या पैशांचे हिशेब ठेवले. एकही व्हाउचर एकाच ठिकाणी राहील असे कधी होऊ दिले नाही. नव्या कारकुनांना मी सांगत असे, “ज्याची दुसरी नोंद नाही, ते घडलेच नाही असे समजा.” आणि घरातली सर्वांत मोलाची ठेव मात्र मी एकाच पेटीत ठेवू दिली होती. पुरातल्या त्या शिसवी पेटीसारखीच!

संध्याकाळपर्यंत बातमी सोसायटीभर झाली. आपल्याकडे माणूस आजारी पडला आणि यंत्र बिघडले, की प्रत्येक जण वैद्य होतो. पहिले वैद्य म्हणाले, “प्लग काढा, पाच मिनिटं थांबा आणि परत लावा. आमच्या मिक्सरचं असंच झालं होतं.” ते करून पाहिले. यंत्राला विश्रांती मिळाली, गुण आला नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर आले. त्यांनी छपाईयंत्र, पेनड्राइव्ह, कॅमेरा अशी यंत्राला जोडलेली सगळी शेपटे सोडवायला लावली. हे मात्र शास्त्राला धरून होते. पुष्कळदा बाहेरच्या जोडणीतच खोट असते, असे पुढे चिरंजीवांनीही सांगितले. आमच्या बाबतीत ती नव्हती. जाता जाता त्यांनी एक गोष्ट सांगितली. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाचे ‘मार्क टू’ नावाचे गणनयंत्र अडले, तेव्हा त्याच्या एका रिलेत पतंग अडकलेला सापडला. तो तिथल्या लोकांनी नोंदवहीत चिकटवून ठेवला आणि ती वही आता वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. यंत्रातल्या दोषाला ‘किडा’ म्हणायची इंग्रजी रीत त्याच्याही आधीची, एडिसनच्या काळातली. पण खरोखरचा किडा सापडला म्हणून त्या लोकांना केवढा आनंद झाला! मलाही झाला असता. आमच्या यंत्रातून पाल निघाली असती, तरी मी तिला नारळ दिला असता. निदान दोष कुठे आहे हे तरी कळले असते.

तिसरा वैद्य सर्वांत तरुण आणि म्हणून सर्वांत घातकी. खालच्या मजल्यावरचा कॉलेजात जाणारा मुलगा आला, दोन मिनिटे पाहिले आणि म्हणाला, “काका, फॉरमॅट मारू. अर्ध्या तासात एकदम नवीन.” स्टेशनजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात फोन केला, तर तिथेही हाच सल्ला, वर “डेटा गेला तर आमची जबाबदारी नाही” हे पालुपद. फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी पुसून पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेणे. यंत्र वाचणार, पण सासूबाई जाणार. मुलगा हौसेने पुढे सरसावला होता. ही मधे उभी राहिली आणि एवढेच म्हणाली, “बाळा, लाडू खाऊन जा.” त्या एका लाडवाने सत्तावीस ध्वनिमुद्रणे वाचवली, असे मला आज वाटते.

रात्री जर्मनीला फोन लावला. चिरंजीवांनी सगळे ऐकून घेतले आणि आधी धीर दिला.

“बाबा, तुम्ही काही चुकीचं केलं नाहीत. अपडेटच खराब निघालंय. इथंही लोक तक्रारी करताहेत. आतल्या फायली बहुतेक धडधाकट असतील. फक्त दार उघडत नाहीये.”

मग त्याने १९ जुलै २०२४ ची आठवण करून दिली. त्या दिवशी क्राउडस्ट्राइक नावाच्या अमेरिकन कंपनीने आपल्या संरक्षक प्रणालीची एक सदोष फाईल जगभर पाठवली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख यंत्रे निळी पडली. विमाने अडली, इस्पितळे अडली. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. ती फाईल कंपनीने ७८ मिनिटांत मागे घेतली होती. पण ज्या यंत्रांनी ती आधीच गिळली होती, ती सुरूच होत नव्हती. आणि सुरू न होणाऱ्या यंत्राला दूरवरून औषध कसे पाजणार? शेवटी माणसांनी एकेका यंत्रापाशी जाऊन, ते ‘सेफ मोड’ मध्ये उघडून, ती एक फाईल हाताने काढून टाकली. हे ऐकून मला बरे वाटले. हाताने लिहिलेला पास पाहून आमच्या जुन्या संघटनेतल्या मंडळींना काय समाधान झाले असेल, हाही विचार मनात येऊन गेला.

“आपल्यालाही तेच करायचंय,” तो म्हणाला. “चिन्ह दिसलं रे दिसलं, की बटण दाबून धरून यंत्र बंद करा. असं दोनदा. तिसऱ्यांदा ते आपणहून दुरुस्तीच्या खोलीत जाईल.”

चालू यंत्राचा असा गळा दाबणे माझ्या जिवावर आले; पण दाबला. तिसऱ्या खेपेस प्रदक्षिणा थांबल्या आणि खरोखरच एक निळा पडदा आला. चार दारे होती. पहिल्या दारात यंत्राने स्वतःची दुरुस्ती स्वतःच करून पाहिली आणि दहा मिनिटांनी दुरुस्त होत नसल्याचे कळवले. असे प्रांजळ निवेदन मी सरकारी कचेरीतदेखील ऐकलेले नाही. दुसऱ्या दारावर लिहिले होते: शेवटचे अपडेट काढून टाका. “हेच, हेच!” चिरंजीव तिकडून ओरडले. मी दार ठोठावले आणि आतून प्रश्न आला, किल्ली कुठे आहे?

किल्ली म्हणजे अठ्ठेचाळीस आकडे! सहा-सहांचे आठ गट.

याचे कारण चिरंजीवांनी सांगितले, ते असे. हल्लीच्या यंत्रांत सगळ्या फायली कुलूपबंद असतात. यंत्र चोरीला गेले तरी चोराला आतले वाचता येऊ नये म्हणून. रोज सुरू होताना यंत्र स्वतःला तपासते. सगळे कालच्यासारखे असले, की कुलूप आपोआप उघडते आणि ते होते हेसुद्धा आपल्याला कळत नाही. पण सुरू होण्याची वाट जरा बदललेली दिसली, की त्याला वाटते, आपण परक्याच्या हाती पडलो. मग ते मालकालाही ओळखत नाही. बँकेत लॉकरवाल्याची सही जुळली नाही म्हणजे आम्ही जसे वागत असू, अगदी तसेच. त्यामुळे मला त्याचा रागही येईना.

“किल्ली माझ्या खात्यात ठेवलेली आहे. आत्ता काढतो,” चिरंजीव म्हणाले आणि काही वेळ गप्प झाले. ते खाते त्यांच्या इथल्या जुन्या मोबाईल नंबराशी बांधलेले होते. त्या नंबरावर संकेतांक जाणार आणि तो नंबर त्यांनी परदेशी गेल्यावर सोडून दिलेला. आज तो कुणा भलत्याच माणसाकडे असणार. दुसऱ्या मार्गाने ओळख पटवायची, तर अर्ज करून वाट पाहायची; आणि होईलच अशी खात्री नाही.

पुढचे दोन दिवस आमच्या घरात सुतक असल्यासारखे गेले. चिरंजीवांचा अर्ज नामंजूर झाला. ही पुण्याला फोन करून बहिणीशी बोलली. पण पुस्तिकेचे काही सांगितले नाही. रात्री मला म्हणाली, “मला आठवेल तसं लिहीन मी. पण आवाज कुठून आणू?” मी भिंतीकडे तोंड करून झोपेचे सोंग घेतले.

चौथ्या दिवशी दुपारी चिरंजीवांचा पुन्हा फोन आला. ते म्हणाले, “आई, दिवाळीत मी यंत्र लावून दिलं, तेव्हा एक लांबलचक आकडा तुला वाचून दाखवला होता, आठवतंय? तो लिहून ठेव म्हटलं होतं.”

मला आठवले. मी हसलो होतो! म्हणालो होतो, “यंत्राची किल्ली वहीत लिहायची, तर यंत्र कशाला घेतलं?”

ही उठली, फळीवरून आपली पदार्थांची वही काढली आणि शेवटचे पान उघडले. वर चकलीच्या भाजणीचे प्रमाण होते, खाली अनारशाचे आणि मधे, आडव्या रेघेत, देवनागरीत लिहिलेले सहा-सहांचे आठ गट! मी ती वही घेऊन कपाळाला लावली. पण आनंद क्षणभरच टिकला. पान चार दिवाळ्या तळणापाशी उघडे पडलेले होते. एका गटातल्या तिसऱ्या आकड्यावर तेलाचा मोठा डाग पडून तो पार विरून गेला होता आणि दुसऱ्या एका गटातला तिसरा आकडा घाईत असा काढलेला, की १ म्हणावा की ९, हे लिहिणारीलाही सांगता येईना.

“काही हरकत नाही,” तिकडून चिरंजीव म्हणाले. “यातल्या प्रत्येक गटाला अकराने भाग जातो. किल्ली बनवतानाच तशी बनवलेली असते, म्हणजे लिहिण्यात चूक झाली तर पकडता येते. मी इथं हिशेब करून...”

“थांब!” मी म्हणालो.

इथे मला थोडे मागे जाऊन बँकेतली एक गोष्ट सांगितली पाहिजे. सहामाही अखेरीला खाती जुळवताना फरक पडे. सत्तावीस रुपयांच्या फरकासाठी आम्ही रात्री बारापर्यंत बसत असू. जुन्या हेडक्लार्कनी मला पहिला मंत्र दिला होता: फरकाला नऊने भाग जातो का पाहा. जात असेल, तर कुणीतरी दोन आकडे उलटे लिहिलेत असा संशय घ्यायचा. १४ चे ४१ केले की फरक बरोबर २७ पडतो. या मंत्राने मी किती रात्री वाचवल्या, त्याला गणती नाही. संगणक आले आणि मंत्र निरुपयोगी झाला. तेव्हापासून तो आणि मी, दोघेही पेन्शनीत होतो.

आणि आज तेच यंत्र मला विचारीत होते, भाग जातो का पाहा! नऊने नाही, तर अकराने. अकराची कसोटी शाळेत शिकलेली. पहिला, तिसरा आणि पाचवा आकडा यांची बेरीज एका बाजूला. दुसरा, चौथा आणि सहावा यांची दुसऱ्या बाजूला. दोहोंतला फरक शून्य किंवा अकरा आला, की भाग गेलाच. मी चष्मा पुसला, पेन्सिल घेतली.

डागाचा गट होता ४, ७, डाग, २, ९, १. चार आणि नऊ तेरा, अधिक डाग. दुसरीकडे सात, दोन, एक मिळून दहा. फरक झाला तीन अधिक डाग. तो अकरा व्हायला हवा, म्हणजे डागाखाली आठ. ४७८२९१. भागून पाहिले: ४३४८१, बाकी शून्य. दुसरा गट ६, ३, मग एक किंवा नऊ, ०, ४, ८. नऊ धरले तर एकोणीस आणि अकरा, फरक आठ, नाही जमत. एक धरला तर अकरा आणि अकरा, फरक शून्य. म्हणजे एकच! बाकीचे सहा गट इथे देत नाही. वाचकांवर अविश्वास नाही. जुनी सवय आहे.

कुणी म्हणेल, यात काय मोठेसे? शून्यापासून नऊपर्यंत एकेक आकडा घालून पाहिला असता, तरी दार उघडलेच असते. कबूल आहे. पण चार दिवस ज्या दाराबाहेर मी गुन्हेगारासारखा उभा होतो, त्यात वीसदा खोटी किल्ली फिरवायची माझी छाती नव्हती. मला खरी किल्ली एकदाच फिरवायची होती.

हिने आकडे वाचले, मी एका बोटाने टाइप केले. शेवटचा आकडा झाला. यंत्राने क्षणभर विचार केला आणि दार उघडले. शेवटचे अपडेट काढून टाकायला वीस मिनिटे लागली. त्या वीस मिनिटांत आम्ही दोघे एक शब्द बोललो नाही. मग काळोख, मग चिन्ह, मग चक्र. माझ्या पोटात गोळा आला. आणि एकदम पडद्यावर नातवाचा हसरा फोटो आला.

हिने थरथरत्या हाताने पहिले ध्वनिमुद्रण उघडले. घरभर सासूबाईंचा आवाज घुमला. प्रत्येक वेळी सुरुवातीला त्या हेच विचारायच्या, हे आम्ही विसरूनच गेलो होतो.

“झालं का गं तुझं यंत्र सुरू?”

ही हसली, आणि मग रडली. मीही जरा चष्मा पुसला. तो मघाशीच पुसून झाला होता, हे तिने पाहिले असणार.

त्याच संध्याकाळी मी स्टेशनवर जाऊन दोन बाहेरच्या डिस्क आणल्या. सत्तावीसही ध्वनिमुद्रणांच्या प्रती केल्या. एक डिस्क आमच्या कपाटात आणि दुसरी पुण्याला मेहुणीच्या घरी, कारण एकाच छपराखालच्या दोन प्रती म्हणजे पुराला एकच प्रत. प्रत केल्यावर ती उघडून ऐकूनही पाहिली. पाहिली नाही तोवर प्रत झाली असे म्हणायचे नाही, हाही बँकेचाच नियम. वर्षश्राद्धाला सहा पुस्तिका तयार होत्या. वंशावळीतला बडोद्याचा फाटा वाचून मोठे मेहुणे म्हणाले, “हे आईनं मला कधी सांगितलं नव्हतं.” ही म्हणाली, “तू कधी विचारलं नव्हतंस.”

आता शेवटचा प्रश्न. ते अपडेट पुन्हा घेतले का? घेतले. आठवडाभर थांबवून ठेवले होते. दुरुस्त केलेले आले तेव्हा, सकाळी, देवापुढे दिवा लावून आणि आधी प्रत करून मग घेतले. सोसायटीत पुष्कळ जण म्हणतात, ही कटकटच नको, अपडेट कायमचे बंद करून टाका. त्यांना मी २०१७ ची गोष्ट सांगतो. त्या वर्षी १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभरची यंत्रे कुलूपबंद केली. इंग्लंडातल्या सरकारी इस्पितळांना रोग्यांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. तो ज्या भोकातून शिरला, ते बुजवणारे अपडेट १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, मायक्रोसॉफ्टने दिलेले होते. ज्यांनी घेतले ते वाचले. डॉक्टरच्या एका गोळीने पित्त उठले म्हणून कुणी औषध घेण्याचे सोडत नाही. पण गोळी घेण्याआधी घरातल्या माणसाला सांगावे, एवढे शहाणपण मात्र येते.

आणि ती वही? तिच्या शेवटच्या पानावरची किल्ली मी नव्या पानावर, खातेवहीत लिहायचो तशा स्वच्छ अक्षरात उतरवून काढली; पाकिटात घालून तिची दुसरी प्रत लॉकरमध्ये ठेवली. प्रत्येक गटाला अकराने भागून पाहिले आणि शेवटी सवयीने ‘तपासले’ असे लिहून सही ठोकली. दुसऱ्या दिवशी पाहतो, तर माझ्या सहीखाली हिने आपल्या अक्षरात एक ओळ घातली होती:

‘चकल्या तळताना हे पान उघडू नये.’